उत्सव गावाचा, जागा कुणाची?

 

'जिंदगी ना मिलेगी दोबारा' हा हिंदी सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. २०११ साली तो आला. तीन मित्र स्पेन देशात फिरायला जातात आणि शेवटी एका शहरात अरुंद रस्त्यावरून पळतात, मागून बैल धावत येतात. त्या शहराचं नाव पाम्प्लोना. ते स्पेनच्या उत्तरेला आहे. तो प्रसंग पाहून आमच्या एका बैठकीत एकीनं विचारलं, "अगं, या पळणाऱ्यांत बायका कशा दिसत नाहीत?" प्रश्न साधा होता, पण मला तो फार मोलाचा वाटला. त्याचंच उत्तर शोधत मी उत्तर स्पेनच्या जत्रांबद्दल वाचत गेले. मी काही तिकडे गेलेली नाही. पण जाऊन आलेल्या प्रवाशांनी जे लिहिलंय, सांगितलंय, आणि तिथल्या बायकांनी गेल्या पन्नास वर्षांत जे केलंय, ते आज तुमच्यापुढे मांडते.

आधी तो मुलूख कसा आहे ते बघू. युरोपच्या नकाशात पश्चिमेच्या टोकाला स्पेन आहे. या देशाचा दक्षिण भाग उन्हाचा, कोरडा. उत्तरेची किनारपट्टी मात्र पावसाची. हिरवेगार डोंगर, खाली समुद्र, मधे छोटी छोटी बंदरं. फोटो पाहिले तर आपल्याला कोकणच आठवेल. पूर्वेकडे बास्क लोकांचा प्रदेश. त्यांची भाषा स्पॅनिशपेक्षा अगदीच वेगळी. त्याला लागून नावारा, तिथेच पाम्प्लोना शहर. मग कांताब्रिया, आस्तुरियास आणि पश्चिमेच्या टोकाला गालिसिया.

आपल्याकडे जसं प्रत्येक गावाचं ग्रामदैवत आणि त्याची यात्रा, तसंच तिथेही. प्रत्येक गावाचा एक संत असतो किंवा मेरीमातेचं एखादं रूप असतं. तिच्या दिवशी मिरवणूक, वाजंत्री, जेवणावळी, रात्रभर जागरण. कुठे जुन्या लढाईतल्या विजयाची आठवण काढतात, कुठे समुद्रातून मिळालेल्या धनाची.

आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. १९३९ पासून १९७५ पर्यंत स्पेनमध्ये फ्रँको नावाच्या हुकूमशहाची राजवट होती. त्या काळात लग्न झालेल्या बाईला नोकरी करायची असेल, बँकेत खातं उघडायचं असेल, तर नवऱ्याची परवानगी लागायची. हा नियम १९७५ च्या मे महिन्यात रद्द झाला. म्हणजे आज तिथे ज्या आज्या आहेत, त्यांनी तरुणपणी हे सगळं सोसलेलं आहे. तुम्ही गटाच्या पासबुकावर सही करता ना, तेव्हा हे आठवा. ज्या देशात बाईला स्वतःचं खातं उघडता येत नव्हतं, तिथे उत्सवात तिची जागा कुठे असणार? खिडकीत. नाहीतर स्वयंपाकघरात.

पाम्प्लोना : बैलांच्या पुढे आणि गर्दीच्या आत

पाम्प्लोनाचा उत्सव सान फेर्मीन या संताच्या नावाचा. ६ जुलैला दुपारी बारा वाजता नगरपालिकेच्या सज्जातून एक दारूचा बाण सोडतात आणि उत्सव सुरू होतो. १४ जुलैच्या मध्यरात्री तो संपतो. पांढरे कपडे आणि गळ्यात लाल रुमाल, असा सगळ्यांचा वेश. ७ तारखेपासून रोज सकाळी आठ वाजता सहा बैल रस्त्यावर सोडतात. पाऊण किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपतं. पहिल्यांदा गेलेले प्रवासी इथे चकित होतात. पहाटेपासून कुंपणाला धरून उभं राहायचं, आणि पापणी लवते न लवते तोच बैल निघून गेलेले. हेच बैल संध्याकाळी रिंगणात मारले जातात. म्हणून प्राण्यांवर प्रेम करणारे लोक दरवर्षी तिथे निदर्शनंही करतात. १९१० पासूनच्या नोंदी पाहिल्या तर या धावण्यात सोळा माणसं दगावली आहेत.

आता आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. या शर्यतीत बायकांना पळायला बंदीच होती. कागदोपत्री बंदी! ती उठली १९७४ साली. आज थोड्या का होईना, बाया पळतात. पण बाईनं बैलापुढे पळावं का, हा माझा आजचा विषय नाही. पुरुषांनीही का पळावं, असं मला तर वाटतं. विषय असा, की बैलांपासून वाचवायला कुंपण असतं, डॉक्टर असतात, पोलीस असतात. गर्दीपासून बाईला वाचवायला काय असतं?

उत्सवाच्या पहिल्या दिवशी चौकात मुंगी शिरायला जागा नसते. त्या गर्दीत तरुणींचे कपडे ओढले जायचे, त्यांच्या अंगावर हात टाकले जायचे. त्याचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत 'उत्सवाची मस्ती' म्हणून छापून यायचे. मग तिथल्या महिला संघटनांनी विचारलं, ही कुणाची मस्ती? जिच्या अंगाला हात लागला तिला कुणी विचारलं का?

७ जुलै २०१६ च्या पहाटे याच उत्सवात अठरा वर्षांच्या एका मुलीवर पाच पुरुषांनी सामूहिक अत्याचार केला. मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं आणि ते आपल्या व्हॉट्सअॅप गटावर त्याबद्दल फुशारकी मारत बसले. मुलीनं तक्रार केली. मग काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. ती एकटी का फिरत होती, ती ओरडली का नाही, नंतर ती हसतखेळत कशी दिसली, असे प्रश्न तिलाच विचारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये खालच्या न्यायालयानं त्या पाच जणांना नऊ वर्षांची शिक्षा दिली, पण हा बलात्कार नाही, कारण मारहाण किंवा धमकी दिसत नाही, असं ठरवलं. त्या दिवशी स्पेनभर बाया रस्त्यावर उतरल्या. 'आमचा तुझ्यावर विश्वास आहे', एवढंच त्या त्या मुलीला सांगत होत्या. शेवटी २१ जून २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं हा बलात्कारच आहे असं सांगून शिक्षा पंधरा वर्षांची केली. न्यायालयाचं म्हणणं सोपं होतं. पाच धिप्पाड माणसांनी घेरल्यावर मुलगी गप्प राहिली, म्हणून ती तयार होती असं होत नाही. पुढे २०२२ मध्ये कायदाही बदलला. बाईनं स्पष्ट होकार दिला असेल तरच तो होकार, असं आता तिथला कायदा मानतो.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार आवडली. ओंदारिबिया नावाच्या गावात मठात राहणाऱ्या काही जोगिणी आहेत, कार्मेलाइट पंथाच्या. त्या मठाबाहेर येत नाहीत. २०१८ च्या निकालानंतर त्यांनी एक जाहीर निवेदन लिहिलं. त्याचा मतितार्थ असा : आम्ही घोट्यापर्यंत झगा घालतो, रात्री बाहेर पडत नाही, जत्रेला जात नाही, दारू पीत नाही. हे आम्ही स्वतःच्या मर्जीनं निवडलंय. म्हणूनच ज्या बायका याच्या उलट वागायचं निवडतात, त्यांचा तो हक्क आम्ही जपू, आणि तसं वागल्याबद्दल त्यांच्यावर कुणी अत्याचार करता कामा नये. बघा, चार भिंतींआड राहणाऱ्या बायांना जे कळलं, ते बाहेरच्या कितीतरी शहाण्यांना कळलं नव्हतं.

आज उत्तर स्पेनच्या बऱ्याच जत्रांमध्ये एक जांभळा तंबू किंवा जांभळं टेबल दिसतं. तिथे प्रशिक्षण घेतलेल्या बाया बसलेल्या असतात. कुणी छेड काढली, कुणाची सोबत चुकली, भीती वाटली, तर सरळ तिथे जायचं. बाहेरून आलेल्या एकट्यादुकट्या बाईलाही त्याचा आधार वाटतो.

इरुन आणि ओंदारिबिया : एकीला पंखा, बाकीच्यांना खिडकी

जोगिणींचं ते ओंदारिबिया आणि त्याच्या शेजारचं इरुन, ही दोन्ही गावं फ्रान्सच्या सीमेवर आहेत. दोन्हीकडे 'आलार्दे' नावाची मोठी मिरवणूक निघते. इरुनमध्ये ३० जूनला, १५२२ सालच्या लढाईची आठवण म्हणून. ओंदारिबियात ८ सप्टेंबरला, कारण १६३८ साली फ्रेंच सैन्यानं गावाला एकोणसत्तर दिवस वेढा घातला होता, तो उठला. वेढ्याच्या वेळी गावानं ग्वादालुपेच्या मेरीमातेला नवस बोलला होता, तो आजही फेडतात. हजारो माणसं सैनिकांसारखी पलटणी करून, बंदुका खांद्यावर घेऊन, बासरी-ढोलाच्या तालावर चालतात. लाल टोप्या, पांढरे कपडे. प्रवाशांना तो नजारा फार भावतो. आख्खं गाव रस्त्यावर येतं, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी असतं.

पण ही हजारो माणसं म्हणजे पुरुष. बाई कुठे? प्रत्येक पलटणीत एक. फक्त एक. तिला 'कांतिनेरा' म्हणतात, म्हणजे सैनिकांना पाणी-दारू पाजणारी. ती तरुण असते, सुंदर गणवेश घालते, हातात पंखा घेऊन लोकांना अभिवादन करते. मुलींना हा मान फार मोठा वाटतो. बाकीच्या साऱ्या बाया कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवणार.

१९९६ साली दोन्ही गावांतल्या काही बाया म्हणाल्या, वेढा पडला तेव्हा उपाशी काय फक्त पुरुषच राहिले? गाव आमचंही आहे, आम्हालाही सैनिक म्हणून चालायचंय. आणि त्या चालायला गेल्या. लोकांनी त्यांना शिव्या घातल्या, ढकललं, मिरवणुकीतून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी ओंदारिबियात बाया आणि पुरुष एकत्र चालतील अशी एक पलटण उभी राहिली. गावाजवळच्या डोंगराच्या नावावरून तिचं नाव 'हाइस्किबेल'. ती पलटण रस्त्यानं निघाली की दोन्ही बाजूचे काही लोक पाठ फिरवायचे, शिट्ट्या मारायचे. पुढे तर काळ्या प्लास्टिकचे लांबच लांब पडदे धरून उभे राहायचे. कशासाठी? तर या बाया कुणाला दिसूच नयेत म्हणून. आपल्याच गावच्या लेकी. त्यांच्यासाठी पोलिसांचा बंदोबस्त लावावा लागला.

ही मिरवणूक पाहायला गेलेल्या बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकते. तो काळा पडदा धरणाऱ्यांत बायकाही असतात. पुष्कळ असतात. त्या म्हणतात, "आमच्या आजी-पणजीनं असंच पाहिलं. आम्हाला यातच आनंद आहे. परंपरा मोडू नका." त्यांचं प्रेम खोटं नाही. वडील, भाऊ, मुलगा चालताना पाहून त्यांचा ऊर भरून येतो. पण परंपरा म्हणजे काय, याचं उत्तर दोन्ही बाजू वेगवेगळं देतात. एक बाजू म्हणते, जसं आहे तसंच्या तसं राखणं म्हणजे परंपरा. दुसरी म्हणते, गावानं मिळून आठवण जागवणं म्हणजे परंपरा, आणि गावात आम्हीही आलो. या भांडणात घरं दुभंगली. बहिणी बहिणींशी बोलेनाशा झाल्या. ज्यांनी बायांची बाजू घेतली, त्यांच्या दुकानांवरची गिऱ्हाइकं तुटली.

बाया कोर्टात गेल्या. १९९८ मध्ये बास्क प्रदेशाच्या वरिष्ठ न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. मग झालं असं, की जुन्या पद्धतीवाल्यांनी आपली मिरवणूक खासगी म्हणून वेगळी काढायला सुरुवात केली. म्हणजे निकाल लागला, पण माणसांची मनं लागलीच बदलली नाहीत. ग्रामसभेचा ठराव हातात असूनही ज्यांना कुणी बसायला खुर्ची दिली नाही, त्या आपल्या सदस्य बायांना हे वेगळं सांगायला नको. तरीही दरवर्षी हाइस्किबेल पलटण निघतेच. ज्या मुली आईचं बोट धरून त्यात आल्या, त्या आता स्वतः बंदूक खांद्यावर घेऊन चालतात.

सान सेबास्तियन आणि बिल्बाओ : पुरुषांचं स्वयंपाकघर, बाईचा पुतळा

आता जरा हसू या. ओंदारिबियापासून जवळच सान सेबास्तियन नावाचं देखणं शहर आहे. तिथे खवय्यांची मंडळं असतात. एक सामायिक जागा, मोठं स्वयंपाकघर, आणि तिथे पुरुष एकत्र जमून रांधतात. मासे, मटण, सगळं चविष्ट. आणि बाई? तिला पाहुणी म्हणून जेवायला बोलावतील, पण कितीतरी मंडळांत स्वयंपाकघरात पाऊल टाकायची तिला मनाई! घरी वर्षभर चूल तिची, आणि मान मिळायची वेळ आली की चूल त्यांची. बऱ्याच मंडळांनी आता दार उघडलंय, काहींनी अजूनही नाही.

दरवर्षी २० जानेवारीला या शहरात चोवीस तास ढोल वाजतात. त्याला 'ताम्बोरादा' म्हणतात. मध्यरात्री बाराला सुरू, दुसऱ्या मध्यरात्री बाराला बंद. काही जण सैनिकांचा वेश करतात, काही आचाऱ्यांचा. दुपारी शाळेतली हजारो मुलं ढोल वाजवत जातात. या मोठ्यांच्या ढोलपथकात बाया कधी आल्या? १९८० साली, क्रेसाला नावाच्या एका मंडळानं त्यांना घेतलं तेव्हा. इथे कोर्ट लागलं नाही. एका मंडळानं दार उघडलं, मग हळूहळू बाकीच्यांनी उघडलं. आज तिथे बाईच्या हातात ढोल पाहून कुणी वळूनही बघत नाही.

बिल्बाओ शहराची गोष्ट आणखी वेगळी. फ्रँको गेल्यावर, १९७८ मध्ये लोकांनी ठरवलं, आपला उत्सव आपणच नव्यानं मांडू. ऑगस्टमध्ये नऊ दिवस तो चालतो. नाव 'आस्ते नागुसिया', म्हणजे मोठा आठवडा. वस्ती-वस्तीतल्या लोकांचे, मित्रमंडळींचे गट नदीकाठी खाण्यापिण्याचे स्टॉल लावतात. पाळ्या लावून सगळे फुकट राबतात, आणि जो नफा होतो त्यातून गटाचं वर्षभराचं काम चालतं. आपल्या गटानं यात्रेत झुणका-भाकरीचा स्टॉल लावावा ना, अगदी तसंच. त्यात नुसत्या बायांचेही गट आहेत. आणि या उत्सवाची खूण काय आहे माहितीये? 'मारिहाया'. दोन्ही हात वर करून नाचणारी, अंगानं भरलेली, साधी बाई. मारी पुरी एरेरो या चित्रकार बाईनं ती १९७८ मध्ये घडवली. ना राणी, ना देवी, ना सुंदरी. ती आली की उत्सव सुरू, आणि शेवटच्या रात्री तिचं दहन झालं की उत्सव संपला.

नव्यानं मांडलेल्या उत्सवात बाईला जागा मागावी लागली नाही. सुरुवातीपासूनच मांडणी तशी झाली. आपल्या गावात एखादा नवा कार्यक्रम सुरू होणार असेल, तर पहिल्या बैठकीलाच जाऊन बसायचं ते यासाठी.

गालिसिया : पायवाट आणि शिंपले

आता पश्चिमेला जाऊ. गालिसियात सांतियागो दे कोंपोस्तेला नावाचं तीर्थक्षेत्र आहे. हजार वर्षांहून जास्त काळ लोक तिथे पायी जातात. त्या वाटेला 'कामिनो' म्हणतात. वाटा बऱ्याच आहेत, पण सगळ्यात गजबजलेली वाट फ्रान्सच्या हद्दीतून निघते आणि सुमारे ७८० किलोमीटर चालते. सगळी चालायला महिनाभर लागतो. पूर्ण जमत नसेल तर शेवटचे निदान शंभर किलोमीटर चालणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळतं. आपली वारी आणि ही वाट यांत फरक आहे. वारीत दिंडी असते, टाळ-मृदंग असतो, एकमेकींचा हात असतो. तिथे बहुतेक जण एकेकटे चालतात, आणि रात्री मुक्कामाला सगळे एकत्र येतात.

२०२४ साली जवळपास पाच लाख लोकांनी हे प्रमाणपत्र घेतलं. त्यांत निम्म्याहून जास्त बाया होत्या. पन्नाशी-साठीच्या कितीतरी. मुलं मोठी झाली, नवरा गेला, नोकरी संपली, आणि पाठीवर पिशवी टाकून त्या निघाल्या. वाटेवर धर्मशाळेसारखे मुक्काम असतात, एका खोलीत वर-खाली पलंग. सरकारी मुक्काम अगदी कमी पैशांत मिळतो. काही ठिकाणी तर जे जमेल ते पेटीत टाकायचं. वाट चुकू नये म्हणून दगडांवर, भिंतींवर पिवळे बाण रंगवलेले असतात. डोंगरातल्या ओ सेब्रेरो नावाच्या गावच्या एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी १९८० च्या दशकात स्वतः रंगाचा डबा घेऊन ते रंगवायला सुरुवात केली.

या वाटेवर सगळंच गोड नाही. २०१५ मध्ये एकटी चालणारी एक परदेशी बाई आस्तोर्गा गावाजवळ मारली गेली. त्यानंतर निर्जन टप्प्यांवर पोलिसांची गस्त वाढली. चालणाऱ्या बाया एकमेकींना सांगतात, निर्जन टप्पा सोबतीनं ओलांडा, मुक्कामाची खबर घरी द्या, आणि ११२ हा मदतीचा नंबर पाठ ठेवा. एकट्या बाईनं जाऊ नये, असं मात्र त्या म्हणत नाहीत. वाट सुरक्षित करा, असं म्हणतात.

या वाटेवरच्या यात्रेकरूंची खूण म्हणजे शिंपला. पिशवीला एक शिंपला लटकवलेला असतो. आणि शिंपला म्हटलं की गालिसियाच्या किनाऱ्यावरच्या बाया आल्याच.

त्यांना 'मारिस्कादोरा' म्हणतात. ओहोटी लागली की बूट घालून, बादली आणि दाताळं घेऊन त्या खाडीच्या वाळूत उतरतात. कमरेत वाकून तिसऱ्या आणि शिंपले उकरतात. भरती येईपर्यंतचे तीन-चार तास, थंडी असो, पाऊस असो. पूर्वी जिला जमेल ती जायची, मिळेल ते उकरायची आणि व्यापारी देईल त्या भावात विकायची. ना नोंद, ना आजारपणाला आधार, ना म्हातारपणी पेन्शन. घरात तिला कामकरी कुणी म्हणायचंच नाही. 'जरा किनाऱ्यावर जाऊन येते,' एवढीच तिच्या कष्टाची किंमत.

१९९० च्या दशकात हे बदललं. परवाने आले, प्रशिक्षण झालं, आणि या बायांनी गावोगाव आपले गट बांधले. त्यांचे नियम ऐका. रोज एकीनं किती काढायचे ते ठरलेलं. लहान शिंपला मापानं मोजून परत वाळूत टाकायचा. पिल्लं वाढायच्या काळात तो पट्टा बंद ठेवायचा. चोरून काढणाऱ्यांवर नजर ठेवायला पाळीपाळीनं गस्त घालायची. लहान शिंपल्यांचं बी पेरायचं, जसं आपण रोपं लावतो. आणि माल व्यापाऱ्याच्या दारात न नेता लिलावात एकत्र विकायचा. त्या आता सामाजिक सुरक्षेची रक्कम भरतात, म्हणून आजारपणात मदत आणि उतारवयात पेन्शन मिळते.

ओ ग्रोवे या गावात दर ऑक्टोबरमध्ये शिंपले-खेकड्यांचा मोठा उत्सव असतो. तो १९६३ पासून चालू आहे. हजारो प्रवासी येतात, ताटं भरभरून खातात. पूर्वी खाणाऱ्याला हे ताट कुणाच्या कमरेच्या कळेतून आलंय, ते ठाऊक नसायचं. जवळच्या कांबादोस गावातल्या या बायांनी त्यावर तोडगा काढला. त्यांनी संस्था काढली आणि प्रवाशांना सोबत घेऊन वाळूत उतरायला लागल्या. बूट देतात, दाताळं हातात देतात, शिंपला कसा ओळखायचा, लहान का सोडायचा, ते सांगतात. अर्ध्या तासात पाहुण्याची कंबर धरते. मग दुपारी जेवताना तो शिंपल्याची किंमत विचारत नाही, असं म्हणतात. आपल्या वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया होडीतून कांदळवनाची सफर घडवतात, त्यांचं नातं थेट या बायांशी लागतं. जे काम पिढ्यान् पिढ्या केलं, त्याचं ज्ञान हीसुद्धा आपली मिळकत आहे, हे दोघींनीही ओळखलं.

अर्थात संकट त्यांच्यापुढेही आहे. समुद्र तापतोय. २०२३ च्या शेवटी अतोनात पाऊस झाला, खाडीतलं पाणी गोडं झालं आणि शिंपले मोठ्या प्रमाणावर मेले. कित्येक गटांना काम बंद ठेवावं लागलं. गट होता म्हणून सरकारकडे एकत्र जाऊन मदत मागता आली. एकटीचं कुणी ऐकलं नसतं.

मग यातून आपण काय घ्यायचं?

मैत्रिणींनो, या साऱ्या गावांत बाईला जागा मिळाली ती वेगवेगळ्या वाटांनी. पाम्प्लोनात एका मुलीच्या मागे हजारो जणी उभ्या राहिल्या म्हणून. इरुन-ओंदारिबियात शिव्या ऐकूनही दरवर्षी चालत राहिल्या म्हणून. सान सेबास्तियनमध्ये एका मंडळानं आधी दार उघडलं म्हणून. बिल्बाओत पहिल्यापासून मांडणीत होत्या म्हणून. गालिसियात स्वतःच्या कष्टाचा हिशोब ठेवला म्हणून. आपोआप मात्र कुठेच मिळाली नाही.

आणि कुणा एकीचीही श्रद्धा त्यासाठी कमी झाली नाही. ज्या बाया आलार्देत चालतात, त्याही मेरीमातेचा नवसच फेडत असतात. जागा मागणं म्हणजे देवाशी भांडण नव्हे.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की थोडा वेळ काढा आणि या चार प्रश्नांवर बोला.

एक, आपल्या गावच्या यात्रा कमिटीत किती बाया आहेत? नसतील, तर कमिटीची बैठक कधी होते, हे आपल्याला माहीत आहे का?

दोन, यात्रेच्या महाप्रसादाला भाकरी कोण थापतं, आणि आभार कुणाचे मानले जातात?

तीन, गर्दीत एखाद्या मुलीची छेड निघाली, तर तिनं कुठे जायचं? आपल्या गटाला एक टेबल, दोन खुर्च्या आणि चार जणींची पाळी लावता येईल का? पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला आधी सांगून ठेवता येईल का?

चार, यात्रेला येणाऱ्या पाहुण्याला आपण काय विकू शकतो, काय दाखवू शकतो? आपल्याला असं कोणतं काम येतं, जे त्याला येत नाही?

उत्तरं वहीत लिहा, आणि वही यात्रेच्या आधी उघडा.